एसीसी बास्केटबॉल स्पर्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली सगळी उत्तरं पुरुषांच्या स्पर्धेबद्दल आहेत. महिलांची स्पर्धा वेगळी असते आणि तिचा इतिहासही वेगळा आहे. आकडे २०२५ च्या स्पर्धेपर्यंतचे आहेत.

१. एसीसी म्हणजे काय, आणि ही स्पर्धा नेमकी कधी होते?

एसीसी म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स. अमेरिकेत कॉलेजचे संघ एकाच देशव्यापी लीगमध्ये खेळत नाहीत. विद्यापीठं एकत्र येऊन आपापले गट करतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. जुन्या रणजी करंडकात पश्चिम विभागाचे संघ आधी आपापसांत भिडायचे आणि तिथून बाद फेरीला जायचे, ते आठवलं तर रचना पटकन कळेल.

हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. जानेवारी-फेब्रुवारीत मुख्यतः कॉन्फरन्समधल्या संघांचे एकमेकांशी सामने होतात, त्यातून गुणतक्ता ठरतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाच दिवसांची बाद स्पर्धा होते. हीच एसीसी स्पर्धा. तिच्यानंतर लगेच एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू होते.

२. गुणतक्त्यात जो पहिला, तोच विजेता ना?

नाही. एसीसीच्या नियमांत १९६१ साली स्पष्ट लिहिलं गेलं की बाद स्पर्धा जिंकेल तोच कॉन्फरन्सचा विजेता. गुणतक्त्यात अव्वल येणाऱ्याचं कौतुक होतं, त्याला स्पर्धेत पहिलं मानांकन मिळतं, पण कागदावर विजेता दुसराच असू शकतो. दोन महिने घाम गाळून पहिलं यायचं आणि एका वाईट संध्याकाळी सगळं घालवायचं, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. आयपीएलमध्ये अव्वल दोघांना एक सामना हरल्यावरही आणखी एक संधी मिळते. इथे ती सोय नाही.

३. मग अशी पद्धत पाडली कोणी?

ती वारशाने आली. १९५३ च्या मे महिन्यात सात विद्यापीठं सदर्न कॉन्फरन्समधून फुटली: क्लेमसन, ड्यूक, मेरिलँड, नॉर्थ कॅरोलायना, एनसी स्टेट (म्हणजे नॉर्थ कॅरोलायना स्टेट, वेगळं विद्यापीठ), साउथ कॅरोलायना आणि वेक फॉरेस्ट. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हर्जिनिया आठवं सदस्य झालं. सदर्न कॉन्फरन्स अवाढव्य होती. सगळ्यांचे सगळ्यांशी सामने होणं शक्यच नव्हतं, त्यामुळे तिथे विजेता बाद स्पर्धेतूनच ठरे. नव्या गटात आठच संघ होते, म्हणजे ती अडचण उरली नव्हती. तरी स्पर्धा ठेवली, कारण तिकिटं खपत होती. तत्त्वापेक्षा गल्ल्याचा विचार जास्त होता, हे मान्य करायला हरकत नाही.

पहिली स्पर्धा १९५४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॅले शहरात एनसी स्टेटच्या रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये झाली. अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि एनसी स्टेटने वेक फॉरेस्टला ८२-८० असं हरवलं. पहिली तिन्ही विजेतेपदं एनसी स्टेटनेच घेतली. १९६६ पर्यंत स्पर्धा तिथेच होत राहिली, म्हणजे एका संघाला दरवर्षी घरचं मैदान. बाकीचे कुरकुरत, पण या भागात तेवढ्या क्षमतेचं दुसरं सभागृह बराच काळ नव्हतं.

४. जिंकल्यावर बास्केटची जाळी का कापतात?

ही प्रथा या भागात आणली ती एनसी स्टेटचे प्रशिक्षक एव्हरेट केस यांनी. ते मूळचे इंडियानाचे. तिथल्या शाळांच्या स्पर्धांमध्ये विजेते जाळी कापून आठवण म्हणून नेत. केसनी १९४७ मध्ये सदर्न कॉन्फरन्स जिंकल्यावर तेच केलं आणि पुढे सगळा देश तसं करू लागला. शिडी लावतात, एकेक खेळाडू चढून एकेक धागा कापतो, शेवटची गाठ प्रशिक्षकाची.

स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार केस यांच्याच नावाने आहे. आजारपणामुळे त्यांनी १९६४-६५ च्या हंगामात सुरुवातीलाच काम सोडलं. त्या मोसमात एनसी स्टेटने अंतिम फेरीत ड्यूकला ९१-८५ हरवलं, राखीव बाकावरून आलेल्या लॅरी वॉर्स्लीने ३० गुण केले, आणि खेळाडूंनी केसना उचलून धरून जाळी कापायला लावली. पुढच्याच वर्षी ते गेले.

५. हा पुरस्कार हरलेल्या संघातल्या खेळाडूला मिळतो का?

मिळू शकतो, आणि मिळालेला आहे. १९५४ मध्ये वेक फॉरेस्ट हरलं तरी सर्वोत्तम खेळाडू त्यांचा डिकी हेमरिक ठरला. १९८० मध्ये ड्यूकने मेरिलँडला ७३-७२ हरवलं, पण मान मेरिलँडच्या अल्बर्ट किंगला मिळाला.

एकाच खेळाडूने स्पर्धा खांद्यावर घेतल्याचं उदाहरण म्हणून मात्र १९९५ चा रँडॉल्फ चिल्ड्रेस सांगितला जातो, आणि तो जिंकलेल्या संघातला. वेक फॉरेस्टसाठी त्याने तीन सामन्यांत ४०, ३० आणि ३७, असे एकूण १०७ गुण केले. अंतिम सामना नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध जादा वेळेत ८२-८० असा सुटला.

६. जुने लोक म्हणतात, ‘खरी स्पर्धा १९७४ पर्यंतच होती.’ असं का?

कारण तोपर्यंत राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक कॉन्फरन्समधून एकच संघ घेत, आणि एसीसीचा तो एक संघ म्हणजे या स्पर्धेचा विजेता. हरलात की राष्ट्रीय विजेतेपदाचं स्वप्न संपलं, मग हंगामभर तुम्ही काहीही केलेलं असो. या नियमाने काय काय केलं ते तीन वर्षांवरून कळेल.

१९५७: नॉर्थ कॅरोलायना अपराजित होतं. उपांत्य फेरीत वेक फॉरेस्टने त्यांना जवळपास संपवलंच होतं. लेनी रोझेनब्लूथने शेवटच्या मिनिटात बास्केट केली, वर फ्री थ्रोही (प्रतिस्पर्ध्याच्या फाउलमुळे मिळणारा एका गुणाचा मोकळा नेम) साधला आणि ६१-५९ ने सुटका झाली. तोच संघ पुढे विल्ट चेंबरलेनच्या कॅन्ससला तिसऱ्या जादा वेळेत ५४-५३ असं हरवून ३२-० अशा कामगिरीने राष्ट्रीय विजेता झाला. ती एक बास्केट चुकली असती, तर यातलं काहीच झालं नसतं.

१९७०: साउथ कॅरोलायनाने कॉन्फरन्सचे चौदाच्या चौदा सामने जिंकले. स्पर्धेत त्यांचा प्रमुख खेळाडू जॉन रोश घोटा दुखावलेल्या अवस्थेत खेळला, आणि अंतिम सामना दुसऱ्या जादा वेळेत एनसी स्टेटने ४२-३९ असा नेला. मीठ चोळायचं म्हणजे त्या वर्षीची राष्ट्रीय स्पर्धेची पूर्व विभागीय फेरी साउथ कॅरोलायनाच्याच कोलंबिया शहरात होती. यजमान घरी बसले आणि त्यांच्या मैदानावर एनसी स्टेट खेळायला आलं. पुढच्या वर्षी साउथ कॅरोलायनाने नॉर्थ कॅरोलायनाला ५२-५१ हरवून एसीसीचं विजेतेपद घेतलं आणि त्याच वर्षी कॉन्फरन्स सोडली. सोडण्यामागे प्रवेशपरीक्षेच्या किमान गुणांच्या अटीवरून चाललेला वाद होता, पण १९७० ची सल मनात नव्हती असं कोण म्हणेल?

१९७४ साठी पुढचा प्रश्न वाचा.

७. १९७४ च्या अंतिम सामन्यात एवढं काय झालं?

नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं ग्रीन्सबरो, ९ मार्च १९७४. देशात पहिल्या क्रमांकावरचं एनसी स्टेट विरुद्ध चौथ्या क्रमांकावरचं मेरिलँड. एकीकडे डेव्हिड थॉम्पसन, टॉम बर्लसन आणि मॉन्टी टो, दुसरीकडे लेन एलमोर, टॉम मॅकमिलन आणि जॉन लुकास. तेव्हा लांबून मारलेल्या बास्केटला तीन गुण देणारी रेषा नव्हती, तरी जादा वेळ धरून निकाल १०३-१०० लागला. सात फुटांहून उंच बर्लसनने ३८ गुण केले.

एनसी स्टेट पुढे गेलं आणि ग्रीन्सबरोच्या त्याच सभागृहात राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत यूसीएलएला (लॉस एंजेलिसचं विद्यापीठ) दुसऱ्या जादा वेळेत ८०-७७ ने हरवलं. यूसीएलएची सलग सात राष्ट्रीय विजेतेपदांची मालिका तिथे तुटली. अंतिम फेरीत मार्केट (Marquette) विद्यापीठाला नमवून ते राष्ट्रीय विजेते झाले. आणि या संघाला जादा वेळेपर्यंत झुंजवणारं मेरिलँड मात्र घरी. एनआयटी नावाच्या दुय्यम स्पर्धेचं बोलावणं त्यांनी नाकारलं.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, राष्ट्रीय स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका कॉन्फरन्समधून दोन संघ घ्यायला परवानगी मिळाली. १९८० पासून ती दोनची मर्यादाही गेली. बदलाची चर्चा आधीपासून होती, पण मेरिलँडच्या उदाहरणानंतर विरोध करायला कोणाकडे तोंड उरलं नाही. १९७५ मध्ये एसीसी स्पर्धा नॉर्थ कॅरोलायनाने जिंकली आणि गुणतक्त्यात पहिल्या आलेल्या मेरिलँडलाही राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली.

८. आता अनेक संघ जातात, तर ही स्पर्धा जिंकून मिळतं काय?

तीन गोष्टी. करंडक आणि विजेता हे अधिकृत नाव. राष्ट्रीय स्पर्धेतली हक्काची जागा: २०२५ मध्ये ६८ पैकी ३१ जागा कॉन्फरन्स विजेत्यांच्या होत्या, उरलेल्या ३७ निवड समितीच्या हातात. आणि राष्ट्रीय स्पर्धेतलं मानांकन सुधारण्याची शक्यता.

अव्वल संघाला हक्काच्या जागेची गरज नसते, समिती त्याला घेणारच. मधल्या संघांना दोन विजयही समितीपुढे उपयोगी पडतात. तळाच्या संघाला मात्र आजही १९७४ पूर्वीचाच नियम लागू आहे: जिंका, नाहीतर हंगाम संपला. म्हणून पहिल्या दोन दिवसांचे रिकाम्या खुर्च्यांपुढचे सामने बघावेत. जीव तोडून खेळणारे तिथेच दिसतात.

९. १२-१० असा निकाल लागला होता, हे खरं की थाप?

खरं आहे. १९६८, शार्लट, उपांत्य फेरी: एनसी स्टेट १२, ड्यूक १०. हा फुटबॉलचा नव्हे, चाळीस मिनिटांच्या बास्केटबॉल सामन्याचा निकाल. मध्यंतराला ४-२ होते.

तेव्हा ठरावीक सेकंदांत नेम मारायचं बंधन नव्हतं. ड्यूकची उंची आणि ताकद जास्त होती, म्हणून एनसी स्टेटचे प्रशिक्षक नॉर्म स्लोन यांनी चेंडू नुसता धरून ठेवायला सांगितलं. ड्यूकने बचावाची फळी सोडून पुढे यावं अशी अपेक्षा होती. ते आले नाहीत. मग एक खेळाडू मध्यरेषेपाशी चेंडू घेऊन उभा आणि बाकीचे त्याच्याकडे बघत. डाव यशस्वी झाला, पण दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत नॉर्थ कॅरोलायनाने एनसी स्टेटला ८७-५० असं धुतलं.

१०. मग शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत नेम मारायला लावणारं घड्याळ, याच स्पर्धेमुळे आलं का?

मोठा हातभार लागला. १९८२ च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाकडे मायकल जॉर्डन, जेम्स वर्दी आणि सॅम पर्किन्स, तर व्हर्जिनियाकडे राल्फ सॅम्पसन होता. दूरचित्रवाणीवर देश बघत होता, आणि डीन स्मिथ यांच्या नॉर्थ कॅरोलायनाने एका गुणाच्या आघाडीवर शेवटची जवळपास सात मिनिटं चेंडू खेळवत ठेवला. निकाल ४७-४५. नियमात बसणारं होतं, पण बघणारे वैतागले आणि पैसे मोजणाऱ्या वाहिन्या त्याहून जास्त.

पुढच्याच हंगामात एसीसीने प्रयोग म्हणून ३० सेकंदांचं घड्याळ आणि १७ फूट ९ इंचांवर तीन गुणांची रेषा आणली. राष्ट्रीय पातळीवर ४५ सेकंदांचं घड्याळ १९८५-८६ पासून आणि १९ फूट ९ इंचांची रेषा १९८६-८७ पासून सर्वांना लागू झाली.

११. सध्या संघांची मांडणी कशी असते?

कॉन्फरन्समध्ये १८ संघ आहेत. २०२५ मध्ये त्यांतले वरचे १५ संघ स्पर्धेत आले आणि खालच्या तिघांचा हंगाम तिथेच संपला. मानांकन कॉन्फरन्समधल्या सामन्यांच्या विजयांच्या टक्केवारीवरून ठरतं.

मंगळवारी १० वि. १५, ११ वि. १४ आणि १२ वि. १३. बुधवारी ८ वि. ९ हा ताजा सामना होतो, आणि पाचवा, सहावा, सातवा संघ मंगळवारच्या विजेत्यांशी खेळतो. गुरुवारी पहिले चार संघ उतरतात, ती उपांत्यपूर्व फेरी. शुक्रवारी उपांत्य, शनिवारी रात्री अंतिम. म्हणजे पहिल्या चौघांना तीन विजय पुरतात, पाच ते नऊ क्रमांकांना चार लागतात आणि दहाव्यापासून पुढे सलग पाच दिवसांत पाच.

नेहमी होणारी चूक: फेरीनंतर संघांची नव्याने मांडणी होते असं अनेकांना वाटतं. होत नाही. पंधराव्या संघाने दहाव्याला हरवलं तर तो थेट दहाव्याच्या जागी सातव्याशी खेळतो.

१२. दोन संघ बरोबरीत असले तर वरचं मानांकन कोणाला?

आधी त्या दोघांमधल्या सामन्यांचा निकाल बघतात. तिथेही बरोबरी असेल तर गुणतक्त्यात पहिल्या असलेल्या संघाविरुद्ध दोघांनी काय केलं ते, मग दुसऱ्याविरुद्ध, असं खाली उतरत जातात. तीन किंवा जास्त संघ बरोबरीत असतील तर त्यांच्यातल्याच सामन्यांचा छोटा गुणतक्ता करतात. आपल्याकडच्या धावगतीसारखा गुणफरक इथे धरत नाहीत, त्यामुळे कोणाला चाळीस गुणांनी हरवून मानांकन सुधारत नाही.

१३. पूर्वी तीनच दिवस असत. हे वाढलं कसं?

संघ वाढले तसं. सुरुवातीला आठ संघ आणि तीन दिवस. साउथ कॅरोलायना गेल्यावर सातच उरले, म्हणून १९७२ ते १९७९ पहिल्या मानांकिताला थेट उपांत्य फेरी मिळे. १९७९-८० पासून जॉर्जिया टेक खेळू लागलं आणि पुन्हा आठ झाले. फ्लोरिडा स्टेटमुळे १९९२ पासून नऊ. मग आठव्या-नवव्या संघांत आदल्या दिवशी एक सामना ठेवला. एनसी स्टेट त्यात इतक्यांदा सापडलं की लोकांनी त्या सामन्याला त्यांचे प्रशिक्षक लेस रॉबिन्सन यांचंच नाव चिकटवलं.

२००४ मध्ये मायामी आणि व्हर्जिनिया टेक, २००५ मध्ये बॉस्टन कॉलेज आलं, तेव्हा बारा संघ आणि पूर्ण चार दिवस झाले. २०१३ मध्ये सिरॅक्यूज, पिट्सबर्ग आणि नोत्र दाम आल्यावर पाच दिवस. २०१५ पासून अंतिम सामना रविवार दुपारऐवजी शनिवार रात्री होतो. २०१४ मध्ये मेरिलँड गेलं, लुइव्हिल आलं. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया, स्टॅनफर्ड आणि एसएमयू (सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी) आले, आणि अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये पॅसिफिक किनाऱ्याचे दोन संघ बसले. नावाला आता फारसा अर्थ उरलेला नाही.

१४. स्पर्धा ग्रीन्सबरोलाच का होते?

दरवर्षी होत नाही, पण सर्वाधिक वेळा तिथेच झाली आहे. कॉन्फरन्सची स्थापना ग्रीन्सबरोजवळ झाली, कार्यालय २०२३ पर्यंत तिथेच होतं, आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यातली चारही सदस्य विद्यापीठं गाडीने दीड तासाच्या आत आहेत. राज्याबाहेर पहिली स्पर्धा १९७६ मध्ये मेरिलँडमधल्या लँडओव्हरला गेली. नंतर अटलांटा, टॅम्पा, वॉशिंग्टन आणि ब्रुकलिनही झालं. २०२५ ची शार्लटला झाली.

१५. सर्वांत जास्त विजेतेपदं कोणाची? आणि एकदाही न जिंकलेलं कोण?

ड्यूक २३, नॉर्थ कॅरोलायना १८, एनसी स्टेट ११. वेक फॉरेस्ट आणि जॉर्जिया टेक प्रत्येकी ४, व्हर्जिनिया आणि मेरिलँड प्रत्येकी ३. साउथ कॅरोलायना, फ्लोरिडा स्टेट, मायामी, नोत्र दाम आणि व्हर्जिनिया टेक प्रत्येकी एक. बेरीज ७१ येते. १९५४ ते २०२५ ही वर्षं ७२ होतात, त्या एका वर्षाचा हिशेब प्रश्न १८ मध्ये आहे.

संस्थापकांपैकी क्लेमसनची पाटी अजून कोरी आहे. दोनदा अंतिम फेरीत पोहोचले: १९६२ मध्ये वेक फॉरेस्टकडून आणि २००८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाकडून हरले.

१६. सर्वांत खालच्या मानांकनावरून कोण जिंकलं?

एनसी स्टेट, २०२४, दहावं मानांकन. सलग चार पराभव घेऊन ते वॉशिंग्टनला आले होते. लुइव्हिल, सिरॅक्यूज, ड्यूक असे तीन संघ तीन दिवसांत हरवले. उपांत्य फेरीत व्हर्जिनिया तीन गुणांनी पुढे होतं आणि पाच-सहा सेकंद उरले होते. व्हर्जिनियाचा फ्री थ्रो चुकला, मायकल ओ’कॉनेलने लांबून मारलेला चेंडू फळीवर आपटून वेळ संपता संपता आत गेला. जादा वेळेत ७३-६५. अंतिम फेरीत नॉर्थ कॅरोलायनाला ८४-७६ ने हरवलं. १९८७ नंतरचं हे त्यांचं पहिलं विजेतेपद होतं, आणि तिथून ते राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चौघांतही पोहोचले. पुढच्या वर्षी हेच गतविजेते वरच्या पंधरांत बसले नाहीत आणि स्पर्धेलाच मुकले.

त्याआधीचा विक्रम सातव्या मानांकनाच्या व्हर्जिनिया टेकचा, २०२२. सहाव्या मानांकनावरूनही काही संघ जिंकले, त्यांत व्हर्जिनिया १९७६, एनसी स्टेट १९८७ आणि मेरिलँड २००४.

१७. विजेता असूनही राष्ट्रीय स्पर्धेला गेला नाही, असं झालंय का?

हो, दोनदा, आणि दोन्ही वेळा एनसी स्टेट. खेळाडू भरतीतल्या नियमभंगामुळे एनसीएएने त्यांच्यावर बंदी घातली होती, पण कॉन्फरन्सने स्पर्धा खेळू दिली. १९५९ मध्ये ते जिंकले आणि राष्ट्रीय स्पर्धेला नॉर्थ कॅरोलायना गेलं. १९७३ मध्ये २७-० असा अख्खा हंगाम न हरता त्यांनी अंतिम फेरीत मेरिलँडला ७६-७४ नमवलं, आणि जागा मेरिलँडला मिळाली.

बंदी असलेला संघ एसीसी स्पर्धेतूनही बाहेर राहिल्याची उदाहरणं आहेत: १९६१ मध्ये नॉर्थ कॅरोलायना आणि १९९१ मध्ये मेरिलँड. २०१५ मध्ये सिरॅक्यूज आणि २०१६ मध्ये लुइव्हिल यांनी चौकशी सुरू असताना स्वतःहूनच नाव काढून घेतलं. त्या दोन वर्षी म्हणून १४ च संघ दिसतात.

१८. २०२० चा विजेता कोण?

स्पर्धेचा विजेता नाही. मंगळवार-बुधवारचे सामने झाले. गुरुवारी, १२ मार्चला, फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांचे खेळाडू ग्रीन्सबरोच्या मैदानावर सराव करत असताना कोविडमुळे स्पर्धा थांबवली. गुणतक्त्यात अव्वल असलेल्या फ्लोरिडा स्टेटला तिथेच करंडक देण्यात आला. त्यामुळे काही याद्यांत त्यांचं नाव दिसतं, पण स्पर्धा जिंकणाऱ्यांच्या मोजणीत ते वर्ष धरत नाहीत.

१९. मग २०२१ मध्ये जॉर्जिया टेक दोनच सामने जिंकून विजेतं कसं?

कोविड चाचण्यांमुळे. चौथं मानांकन असल्याने ते थेट उपांत्यपूर्व फेरीत उतरले आणि मायामीला ७०-६६ ने हरवलं. उपांत्य फेरीत समोर व्हर्जिनिया होतं, पण त्या संघात रुग्ण सापडला आणि जॉर्जिया टेकला पुढे चाल मिळाली. दुसऱ्या बाजूला ड्यूकही याच कारणाने बाहेर पडलं आणि फ्लोरिडा स्टेटला तशीच चाल मिळाली. अंतिम सामना रीतसर झाला: जॉर्जिया टेक ८०, फ्लोरिडा स्टेट ७५. न झालेला सामना कोणाच्याच जय-पराजयात मोजला गेला नाही.

२०. भारतातून बघायचं तर वेळ कशी काढायची?

अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि स्पर्धा साधारण त्यानंतरच्या मंगळवारी सुरू होते. म्हणून साडेदहा नव्हे, साडेनऊ तास मिळवा. तिथे दुपारी १२ चा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला लागतो. शनिवारी रात्री साडेआठचा अंतिम सामना म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळचे सहा. रॅले किंवा कॅरीत राहणाऱ्या नातेवाइकांना त्या शनिवारी रात्री फोन लावू नका, उचलणार नाहीत.